पुस्तकाला जाब विचारणारी बुलढाण्याची ताराबाई

वर्षावासाचे तीन महिने आमच्या धामणगाव बढे गावच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. ते गावोगावी चालते, त्यात वेगळे सांगण्यासारखे काही नाही. आम्ही चार-सहा मंडळींनी त्याला एक पुस्ती जोडली आहे. वंदना आणि ग्रंथवाचन आटोपले की ज्यांना सवड असेल ते थांबतात आणि आपल्या लेखकांचे एखादे पुस्तक अर्धा-पाऊण तास मोठ्याने वाचले जाते. वाचणारे बहुधा आम्हीच. दिवसभर कचेरीत आवक-जावक लिहिणाऱ्या माणसाला संध्याकाळी खणखणीत आवाज काढायला मिळाला की बरे वाटते, हेही कबूल केले पाहिजे. ऐकणाऱ्यांत दिवसभर निंदण-वेचणी करून आलेल्या आयाबाया जास्त. पुरुष मंडळी बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसतात, पण कान आत असतो.

एका वर्षी आम्ही दया पवारांचे 'बलुतं' घेतले होते. हे आत्मकथन १९७८ साली प्रसिद्ध झाले. आम्ही ते कॉलेजात असताना वाचले होते, आणि त्यातल्या आईने आम्हाला रडवले होते. मुंबईच्या कावाखान्यात कागद-चिंध्या वेचणाऱ्या बायांचे वर्णन वाचले की आजही आमचा आवाज जागेवर राहत नाही. दोन-तीन बैठका झाल्या. मग एक शिकलेला तरुण उठला आणि म्हणाला, "भाऊ, हे असलं कशाला वाचायचं? आपल्या घरातली लक्तरं आपणच वेशीवर टांगायची का? लेकरं ऐकतात." दुसऱ्याने त्याला उत्तर दिले. वाद जुंपला. 'बलुतं' आले तेव्हाही नेमका हाच वाद आपल्या समाजात झाला होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. नोकरीधंद्याला लागलेल्या आपल्याच अनेक माणसांना ते पुस्तक नकोसे वाटले होते.

वाद रंगात आला असताना कोपऱ्यातून एक आजी बोलल्या. वय सत्तरीच्या पुढे, सही करता येत नाही. त्या म्हणाल्या, "पोरानं मायचे कष्ट चांगले लिवले बाबा. पन ते सई काय म्हनते? तिले कोनी इचारलं का?"

सई म्हणजे लेखकाची पहिली बायको. संशयावरून तो तिला सोडतो, ही गोष्ट त्या पुस्तकात त्याने स्वतःच सांगितली आहे. आम्ही ती आदल्या बैठकीत वाचली होती आणि पान उलटून पुढे गेलो होतो.

तो तरुण हसला. "आजी, हे बघायला समीक्षक असतात. ते त्यांचं काम आहे."

"मंग आमचं काय? निस्तं आयकाचं?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. हसण्यासारखे त्यात काय होते ते रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगेना. आम्ही ते पुस्तक किमान चार वेळा वाचले होते. सईला कोणी विचारले का, हा प्रश्न आम्हाला एकदाही पडला नव्हता.

समीक्षा म्हणजे काय, ती करायचा अधिकार कोणाला, आणि समीक्षक म्हणून ज्यांचा दबदबा असतो त्यांनी आजवर काय केले, हे प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागले आहेत. आम्ही मराठीचे प्राध्यापक नव्हेत. बी.कॉम. झालेले साधे कारकून आहोत. तेव्हा वाचकांनी आमच्याकडून शास्त्राची अपेक्षा करू नये. पण शोधता शोधता या प्रश्नाचे एक जुने आणि जबरदस्त उत्तर आम्हाला आमच्याच जिल्ह्यात सापडले, ते वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

अक्षर सुंदर, पण व्हाउचर कुठे?

आधी समीक्षेचे थोडक्यात. आम्हाला ती आमच्या धंद्यातल्या उदाहरणानेच कळते. वर्षाकाठी कचेरीत लेखापरीक्षणाला माणसे येतात. एक परीक्षक असा असतो की कीर्द उघडतो, अक्षर वळणदार आहे, बेरजा जुळल्या आहेत, खाडाखोड नाही, एवढे पाहतो आणि खूश होतो. दुसरा असतो तो म्हणतो, नोंद छान आहे, व्हाउचर दाखवा. ज्याला पैसे दिले म्हणता त्याची सही कुठे आहे? तो माणूस खरोखर आहे का? पहिल्याला आपण सज्जन म्हणतो आणि दुसऱ्याला खडूस. पण गावच्या पैशाचे काय झाले ते दुसऱ्यामुळेच कळते.

पुस्तकांच्या बाबतीतही हे दोन प्रकार आहेत. मराठीत पहिल्या प्रकाराचा बोलबाला फार वर्षे होता. ना. सी. फडके म्हणत कलेसाठी कला, वि. स. खांडेकर म्हणत जीवनासाठी कला. या वादावर एक अख्खी पिढी पोसली गेली. पुढे बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार आणखी खोल नेला, त्यांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. ही मोठी माणसे होती, त्यांचा अभ्यास मोठा होता. आम्ही तो नाकारत नाही. अक्षरही पाहिलेच पाहिजे, बेरीजही जुळलीच पाहिजे. परंतु ज्याच्या नावावर नोंद पडली त्याला बोलावून विचारण्याची तसदी या वादात फारशी कोणी घेतली नाही.

आणि समीक्षकाची ताकद केवळ मत देण्यात नसते. कोणते पुस्तक अभ्यासक्रमाला लागणार, कोणते ग्रंथालयाच्या यादीत जाणार, कोणाचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात येणार, हे शेवटी त्याच्या मतावर हलते. त्याचे सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे गप्प बसणे. निंदा केली तर निदान पुस्तकाचे नाव तरी लोकांच्या कानी पडते. गप्प बसले की पुस्तक मरते.

कारकुनाची लेक

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. साल १८८२. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे आणि कारभाराला इंग्रजांचे होते. बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरची कचेरी होती, आणि त्या कचेरीत बापूजी हरी शिंदे नावाचे गृहस्थ हेडक्लार्क होते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते सभासद. त्यांनी आपल्या मुलीला, ताराबाईला, घरीच शिकवले. मराठी, संस्कृत, इंग्रजी. मुलींच्या हातात पाटी दिली तर नवरा मरतो असे मानणाऱ्या काळात! एका हेडक्लार्कने हे केले, याचा आम्हा कारकुनांना जरा जास्तच अभिमान वाटतो, तो वाचकांनी माफ करावा. लग्न झाले ते घरजावई आणून. मूलबाळ झाले नाही.

१८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला, पोटचे मूल मारल्याच्या आरोपावरून, फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. पुनर्विवाहाला बंदी, आणि पाऊल घसरले तर दोष एकट्या बाईचा. पुण्याच्या 'पुणेवैभव' पत्राने या प्रकरणावरून समस्त स्त्रीजातीवरच झोड उठवली. बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईने ते वाचले आणि लेखणी उचलली. 'स्त्री-पुरुष तुलना' हे तिचे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. पन्नासेक पानांचे चोपडे. प्रती ५००, किंमत ९ आणे.

या पुस्तकाविषयी बोलताना सगळे जण त्यातल्या स्त्रीमुक्तीविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण आमचे लक्ष दुसऱ्या एका गोष्टीने वेधले. ही बाई पुस्तकांचा पंचनामा करते! बायकांच्या अवगुणांची माळ ओवणारा एक संस्कृत श्लोक त्या काळी विद्वान मंडळी मोठ्या चवीने म्हणत. ताराबाई तो श्लोक समोर ठेवते, त्याचा एक एक मणी सुटा करते आणि प्रत्येक मण्यापाशी थांबून विचारते: हा अवगुण बाईत जास्त की तुमच्यात? संशय कोण घेतो? साहस करून घरेदारे कोण बुडवतो? कपट कचेरीत आणि बाजारात कोण करतो? जगातल्या घडणाऱ्या गोष्टी ती साक्षीला आणते. हेच ते व्हाउचर मागणे.

तेवढ्यावर ती थांबत नाही. त्या वेळची गाजलेली छापील पुस्तके ती हातात घेते. 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' या कादंबऱ्या, 'मनोरमा' नाटक, बायकांच्या लबाडीच्या गोष्टी गोळा केलेले 'स्त्रीचरित्र'. १८६१ ची 'मुक्तामाला' आणि १८६८ ची 'मंजुघोषा' ही पुस्तके त्या काळच्या वाचकांची मोठी करमणूक होती. राजपुत्र, राजकन्या, अद्भुत योगायोग, आणि मध्ये मध्ये कपटी बायका. ताराबाईचा सवाल असा की, अशा बायका तुम्ही पाहिल्या कुठे? हे लिहिणारे पुरुष, वाचणारे पुरुष, आणि वाचून बायकांना नावे ठेवणारेही पुरुष. पुस्तकात जिच्याविषयी लिहिले आहे तिला तर यात कोणी उभेच केलेले नाही.

वाचकहो, १८८२ साली मराठी कादंबरीचे वय किती होते? 'यमुनापर्यटन' १८५७ चे, म्हणजे जेमतेम पंचवीस वर्षे. मराठी समीक्षा तेव्हा नुकती बाळसे धरत होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ पासून निघत होती. चिपळूणकर हे त्या काळचे सर्वांत वजनदार टीकाकार, मराठी भाषेचे शिवाजी म्हणून स्वतःला मानणारे. त्यांनी जोतीरावांच्या लेखनाचा समाचार कसा घेतला? व्याकरणाच्या चुका काढून आणि भाषेची टर उडवून. शूद्रातिशूद्रांच्या गुलामगिरीविषयी लिहिलेला मजकूर खरा की खोटा, हा मुद्दा बाजूला राहिला. म्हणजे अक्षर वाईट म्हणून नोंदच रद्द! त्याच १८८२ सालच्या मार्चमध्ये चिपळूणकर वारले आणि त्याच वर्षी बुलढाण्याच्या एका बाईचे पुस्तक आले. या योगायोगाला काही अर्थ नाही हे आम्हाला कळते, पण तो लिहिल्यावाचून आम्हाला पुढे जाववले नाही.

ताराबाईची भाषा कशी, म्हणाल तर घरात बाई भांडते तशी. वाक्य लांबत जाते, मध्येच म्हण येते, मध्येच शिवी येता येता राहते. पंडितांनी ती वाचून कानांवर हात ठेवले असतील. आपल्या बाजूच्या लोकांनाही ती पचली नाही. सत्यशोधक चळवळीतल्याच कृष्णराव भालेकरांनी तिच्यावर टीका केली, तेव्हा जोतीराव तिच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी तिची बाजू घेतली, तिला आपली चिरंजीविनी म्हटले. याच १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना पुण्याच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण दिले होते. जोतीरावांनी ते नाकारले. ज्यांच्या पुस्तकांत सर्व माणसांच्या हक्कांना जागा नाही त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा आणि आमच्या पुस्तकांचा मेळ बसायचा नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. त्या पत्राला पुष्कळ जण मराठी समीक्षेतला पहिला विद्रोह म्हणतात. आम्ही म्हणतो, त्याच्याही तीन वर्षे आधीचे बुलढाण्याचे चोपडे त्याच्या शेजारी ठेवा.

आणि दोघांच्याही आधीचे एक पान ठेवा. जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद आम्ही वाचायचे नाहीत, पाहायचे नाहीत, तर मग आम्हाला धर्मग्रंथच नाही, आम्ही धर्माविना झालो, असा हिशेब त्या पोरीने मांडला. थेट ग्रंथालाच जाब. आम्ही मुक्ताचे नाव मुद्दाम घेतले, कारण ताराबाईच्या पुस्तकातली एक उणीव आम्हाला लपवायची नाही. तिचा रोख मुख्यतः ब्राह्मण आणि मराठा घरांतल्या बायकांच्या हालांवर आहे. गावकुसाबाहेर शेण-काट्या वेचणारी बाई तिच्या तुलनेत फारशी येत नाही. ती तिला दिसायला हवी होती. ताराबाईकडूनच जाब विचारायला शिकून आम्ही तिलाही हा जाब विचारतो आहोत.

ताराबाईचे दुसरे पुस्तक आले नाही. तिचे हे पुस्तकही विसरले गेले. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी तिला ओळीभर जागा दिली नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा उजेडात आणून छापले. मध्ये ९३ वर्षे गेली. इंग्रजीत ते रोझलिंड ओहॅनलन यांनी १९९४ मध्ये नेले, तेव्हा परदेशातल्या अभ्यासकांना बुलढाणा हे नाव कळले. समीक्षकांच्या गप्प बसण्याने काय होते, असे कोणी विचारले तर हे ९३ वर्षांचे उदाहरण पुरे आहे.

मिलिंदच्या अंगणात

त्या मधल्या काळात आपल्या बाजूला काय घडत होते? डॉ. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला मिलिंदचे नाव मिळाले. मिलिंद राजाची ओळख त्याच्या प्रश्नांसाठी आहे. भिक्खू नागसेनाला त्याने एकामागून एक प्रश्न विचारले, आणि नागसेनाने त्याला गप्प बसवले नाही, उत्तरे दिली. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी ग्रंथात आहे म्हणून, परंपरेत आहे म्हणून काही मानू नका असे सांगितले, हे तर आपल्या घरातल्या लेकरांनाही माहीत असते. तेव्हा पुस्तक तपासून पाहण्याची रीत आपल्याकडे कोणा साहेबाकडून आलेली नाही.

याच मिलिंदच्या अंगणात दलित साहित्याची समीक्षा उभी राहिली. प्राचार्य डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले. तिथल्या कृष्णवर्णीयांचे साहित्य त्यांनी पाहिले आणि इथल्या मुलांना सांगितले की तिकडेही माणसे गुलामगिरीतून उठून लिहीत आहेत, त्यांच्या लेखनाला गोऱ्यांची मोजपट्टी लावून चालत नाही. १९६७ साली तिथून 'अस्मिता' निघाले, त्याचेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी हे त्रैमासिक आयुष्यभर चालवले. २०१८ साली ते गेले तोवर किती पोरांची पहिली कविता, पहिला लेख त्यांनी छापला याची मोजदाद नाही. 'अस्मितादर्श'चे मेळावे लेखक-वाचक मेळावे म्हणून ओळखले जात. त्यात वाचक हा शब्द होता, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. गावाकडून एस.टी.ने आलेला प्राथमिक शिक्षक, गिरणी कामगार, वसतिगृहातला विद्यार्थी त्यात उठून बोलत असे.

त्याआधी १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. पुढे १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला, १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचे 'गोलपिठा' आले. प्रस्थापित समीक्षेची तारांबळ उडाली. भाषा अश्लील, आक्रस्ताळी, कला कमी आणि प्रचार जास्त, असे शेरे पडले. पण सगळेच तसे नव्हते हेही न्यायाने सांगितले पाहिजे. 'गोलपिठा'ला प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. रा. ग. जाधवांनी 'निळी पहाट' लिहून या साहित्याला गंभीरपणे घेतले. आपल्यातल्या लोकांनी नवी मापे घडवली. शरद पाटलांचे 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र', शरणकुमार लिंबाळे यांचे १९९६ चे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र', डॉ. यशवंत मनोहरांचे आंबेडकरवादी साहित्यविचाराचे लेखन. लिंबाळे यांचे म्हणणे थोडक्यात असे की सत्य-शिव-सुंदराच्या जुन्या कल्पनेने हे साहित्य मोजता येत नाही. समता, स्वातंत्र्य, न्याय, बंधुता हीच इथली सौंदर्यमूल्ये. मनोहरांनी २०२१ च्या जानेवारीत विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार नाकारला. मंचावर सरस्वतीची प्रतिमा राहणार म्हणून. त्या वेळी आमच्या कचेरीत दोन दिवस यावर चर्चा चालली होती, आणि जे कधी कवितेचे पान उघडत नाहीत तेही बोलत होते.

आणि मग त्या आजींचा प्रश्न. तोही शिकल्या-सवरल्या बायांनी पुढे नेलाच. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. ते लिहिलेले कागद त्यांनी वीसेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' काढून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना नावानिशी उभे केले. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांची आत्मकथने ही साक्ष म्हणून वाचली. साक्ष हा शब्द बघा. कोर्टकचेरीत फिरलेल्या माणसाला तो लगेच कळतो. सईची साक्ष मात्र कोणी घेतलेली नाही.

आपल्या माणसाला कसे बोलावे?

इथवर लिहिणे सोपे होते. परक्यांच्या समीक्षेतल्या चुका दाखवायला जीव कचरत नाही. आता आमचीच एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका स्नेह्याने कवितांचे पुस्तक काढायचे ठरवले. रोजंदारीवर काम करणारा माणूस, चळवळीतला, चौदा एप्रिलला सगळ्यांच्या आधी रस्ता झाडणारा. त्याने वही आमच्याकडे आणून दिली. "दादा, दोन शब्द लिहून द्या." आम्ही वही वाचली. चार-पाच कविता त्याच्या स्वतःच्या होत्या. विहिरीवर काम करताना दगड अंगावर आलेल्या भावाची कविता तर अशी होती की वाचून आम्ही वही मिटली आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहिलो. उरलेल्या साठ-सत्तर कवितांत तेच सूर्य, त्याच मशाली, तोच निळा झंझावात. प्रत्येक जयंतीला भिंतीवर रंगवतात ते सगळे शब्द. आम्हाला हे कळले होते. आम्ही त्याला सांगितले काय? प्रस्तावनेत लिहिले की हा कवी म्हणजे धगधगता ज्वालामुखी आहे, ओळ न् ओळ अंगार आहे. आपला माणूस, गरीब माणूस, त्याला कशाला दुखवायचे?

त्याने बचत गटातून बायकोच्या नावावर कर्ज काढून पुस्तक छापले. प्रकाशन झाले, हारतुरे झाले, आम्ही भाषणही केले. प्रती विकल्या गेल्या नाहीत. त्याच्या घरी लोखंडी पेटीत त्या अजून आहेत. तीन वर्षे तो हप्ता फेडत होता. एकदा चहा पिताना तो सहज म्हणाला, "दादा, ती विहिरीची कविता तेवढी बरी होती, नाही? तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तर थांबलो असतो. तसल्या आणखी लिहिल्या असत्या." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हाला सोपे गेले असते.

चिपळूणकर जोतीरावांची चूक काढताना दुष्टावा करत होते असे आम्ही तावातावाने बोलतो. आम्ही तर प्रेमापोटी एका कवीचे नुकसान केले. अक्षराकडेही पाहिले नाही आणि व्हाउचरही मागितले नाही. फक्त आडनाव पाहिले आणि सही ठोकली. ही सवय आमच्या एकट्याची नाही. आपल्या विशेषांकांतली पुस्तक परीक्षणे काढून पाहा. दहांतली आठ अशीच असतात, आणि ती लिहिणाऱ्यांत आम्हीही आहोत. बाहेरच्यांनी आधीच इतके हिणवले आहे, आता आपणही का दोष काढायचा, ही भावना आम्हाला समजते. पण ताराबाईवर टीका झाली तेव्हा जोतीराव तिच्या बाजूने उभे राहिले, ते तिच्या पुस्तकातला एक एक मुद्दा ध्यानी घेऊन. आणि ज्या तरुणाने 'बलुतं' वाचू नका म्हटले त्याने निदान ते ऐकून तरी तसे म्हटले होते. आम्ही स्नेह्याची वही वाचूनही न वाचल्यासारखी केली.

त्या स्नेह्याने गेल्या पावसाळ्यात नवी वही आणून दिली. पातळ, बावीस पाने. या वेळी आम्ही लाल पेन घेऊन बसलो. प्रत्येक ओळीपाशी विचारले, हे तू पाहिलेस का? आठ कविता त्याने स्वतःच फाडून टाकल्या. एका कवितेवरून आमचे भांडण झाले आणि तो दोन आठवडे आमच्या ओट्यावर फिरकला नाही. मग आला, तो तिसराच मसुदा घेऊन. त्यात विहीर खणणाऱ्या भावाची बायको बोलते आहे.

यंदाच्या वर्षावासात आम्ही विहारात 'स्त्री-पुरुष तुलना' वाचायला घेतले. भाषा जुनी, शब्द अडतात, वाचता वाचता आम्हाला पदर पसरून अर्थ सांगावा लागे. पण ती श्लोक सोडवायला लागली की बायांमध्ये चुळबुळ सुरू होई. एका ठिकाणी तर टाळ्याच पडल्या, आणि ओट्यावरची तंबाखू मळणारी मंडळी आत डोकावली. आजी भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. आम्हाला वाटले झोप लागली. पुस्तक संपले त्या दिवशी त्यांनी विचारले, "ह्या बाईनं मंग दुसरं पुस्तक लिवलं नाही?"

"नाही, आजी."

"लोकायनं बोलू बोलू जीव नकोसा केला असंन." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, ते सईचं पान आना बरं पुन्हा एक डाव. मले त्यावर बोलाचं हाय."

पुढच्या बैठकीसाठी आम्ही 'बलुतं' पिशवीत ठेवले आहे. या खेपेला वाचणार तो शिकलेला तरुण आहे. तो स्वतःच 'मी वाचतो' म्हणाला.